डीएएडीची ईपीओएस स्कॉलरशिप: माझा अनुभव

ईपीओएस म्हणजे विकसनशील देशांतल्या, कामाचा अनुभव असलेल्या लोकांना पुढच्या शिक्षणासाठी मिळणारी स्कॉलरशिप, ती देते डीएएडी ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था. फॉर्म भरायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे पैसे जर्मन सरकारच्या विकास मंत्रालयाचे, म्हणजे बीएमझेडचे असतात आणि विकसनशील देशांना मदत म्हणूनच ते मोजले जातात. त्यामुळे मार्कांइतकंच, किंबहुना जास्तच, तुम्ही काम काय केलंय आणि परत येऊन काय करणार हे बघतात. किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, शेवटची डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी नको.

मी बीड जिल्ह्यात एका संस्थेत पाणलोटाचं काम करत होते. अर्ज केला जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्प्रिंग कोर्सला, रिजनल प्लॅनिंगचा, म्हणजे अख्ख्या प्रदेशाच्या नियोजनाचा मास्टर्स आहे, पहिलं वर्ष डॉर्टमुंडला आणि दुसरं टांझानिया, घाना, फिलिपिन्स नाहीतर चिलीत. अर्ज डीएएडीला नाही, थेट कोर्सच्या ऑफिसला जातो. सीव्ही युरोपास या युरोपातल्या ठरावीक नमुन्यात, त्यावर आणि मोटिव्हेशन लेटरवर पेनने सही. ट्रान्सक्रिप्टसाठी युनिव्हर्सिटीत हेलपाटे झालेच, ते सगळ्यांनाच होतात.

खरी कसरत हमीपत्राची. शक्य असेल तर 'परत आल्यावर कामावर घेऊ' असं संस्थेकडून लिहून मागतात. आमच्याकडे पगार प्रोजेक्टवर, संस्थेचे सर म्हणाले, "अगं, दोन वर्षांनी फंड असेल का हे मलाच माहीत नाही, लिहून कसं देऊ?" त्यांचंही बरोबर होतं. मग बसून मार्ग काढला, त्या गावांचं काम चालू असेल तर हिला प्राधान्य देऊ असं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी दिलं.

मोटिव्हेशन लेटरमध्ये मी एकाच विहिरीबद्दल लिहिलं. गावाने श्रमदान करून चर खणले, पाण्याचा ताळेबंद मांडला, तरी मार्चमध्ये विहिरीने तळ गाठला, कारण वरच्या अंगाला शेजारच्या गावच्या हद्दीत बोअर वाढले होते आणि पाणी काही ग्रामपंचायतीची हद्द बघून वाहत नाही. एका गावापुरतं नियोजन करून भागत नाही म्हणून हा कोर्स, एवढंच सांगितलं.

पैशाचं म्हणाल तर महिना ९९२ युरो, इन्शुरन्स, प्रवासाचे पैसे आणि आधी जर्मनचा कोर्स. एरवी जर्मन व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात, ते ११,९०४ युरो दाखवायची गरज नाही, माझ्यासारखीला हेच सगळ्यात मोठं, तेवढे पैसे घरात कधीच नव्हते.

पण मदत म्हटली तरी हा पैसा बराचसा जर्मनीतच भाड्यात, किराण्यात खर्च होतो. माणूस परतला नाही तर आपल्या भागाला काय मिळालं? नव्वदच्या दशकात नाबार्डबरोबरच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जर्मन पैसा थेट आपल्या डोंगरउतारांवर लागला होता, आमचे सर त्यातच काम शिकले. म्हणून परत येण्याची अपेक्षा मला अजिबात जाचक वाटत नाही.

दुसऱ्या वर्षासाठी मी टांझानिया मागणार आहे. आणि अर्ज करणाऱ्यांनो, हमीपत्राचं आजच बोलून ठेवा, डेडलाइनच्या आठवड्यात नको.