पॅट्रिशिया हॅरिस : वकिलीतून राजदूतपदाकडे

पॅट्रिशिया रॉबर्ट्स हॅरिस यांचा परिचय बहुधा दोन ओळींत उरकला जातो : अमेरिकेची राजदूत झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री आणि अमेरिकी मंत्रिमंडळात स्थान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही त्यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर या बहुमानांपेक्षा त्यांच्या वकिलीकडे आधी पाहायला हवे, असे माझे मत आहे. कारण पदे बदलत गेली, पण आपली बाजू मुद्देसूद मांडायची आणि एकदा मांडली की तिच्यावरून हटायचे नाही, ही त्यांची रीत शेवटपर्यंत तीच राहिली.

त्यांचा जन्म 1924 मध्ये इलिनॉय राज्यातील मॅटून या गावी झाला. वडील रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करत. शिष्यवृत्तीच्या आधारावर त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या आणि 1945 मध्ये उत्तम श्रेणीत पदवीधर झाल्या. कायद्याशी त्यांची खरी ओळख मात्र पुस्तकांच्या आधी रस्त्यावर झाली, असे म्हणावे लागेल. 1943 मध्ये हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘लिटल पॅलेस’ नावाच्या उपाहारगृहापुढे आंदोलन केले आणि त्यात त्या सहभागी होत्या. हे उपाहारगृह कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होते, पण तेथे वाढले जाई ते फक्त गोऱ्यांना. विद्यार्थी लहान लहान गटांनी आत जात, पदार्थ नाकारले गेले की रिकामे ट्रे घेऊन टेबलांशी बसत आणि पुस्तके उघडून वाचू लागत. बाहेर त्यांचे सोबती फलक घेऊन उभे असत. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. काही दिवसांतच मालकाने माघार घेतली. या आंदोलनामागे पॉली मरे ही कायद्याचीच विद्यार्थिनी होती, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

स्वतः पॅट्रिशिया मात्र कायद्याकडे बऱ्याच उशिरा वळल्या. आधी सामाजिक संस्थांमधील नोकऱ्या झाल्या, 1955 मध्ये विल्यम हॅरिस या वकिलाशी विवाह झाला आणि त्यानंतर, पतीच्या आग्रहामुळे, त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला. 1960 मध्ये त्या वर्गात पहिल्या आल्या. पुढे न्याय खात्याच्या फौजदारी विभागात थोडा काळ काम करून त्या हॉवर्डमध्ये कायदा शिकवू लागल्या. डेमोक्रॅटिक पक्षात आणि नागरी हक्कांच्या चळवळीतही त्यांचे नाव याच काळात झाले.

1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांची लक्झेंबर्गला राजदूत म्हणून नेमणूक केली. त्या वेळी त्यांनी दिलेली प्रतिक्रिया मला फार नेमकी वाटते. हा अडसर दूर करण्यासाठी आपली निवड झाली याचा अभिमान वाटतो, असे त्या म्हणाल्या; पण ‘पहिली’ असण्याचे थोडे दुःखही होते, कारण याआधी आमचा विचारच झाला नव्हता असा त्याचा अर्थ निघतो, हेही त्यांनी लगेच जोडले. आभाराच्या भाषणातच आरोपपत्र ठेवायचे, तेही आवाज न चढवता; याला वकिलीच म्हणतात.

या नेमणुकीची आणखी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत स्त्री अधिकाऱ्याने विवाह केला की तिने राजीनामा द्यावा, हा दंडक 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होता. म्हणजे हॅरिस यांच्यासारख्या विवाहित स्त्रीला परीक्षा देऊन पायरी-पायरीने राजदूतपदापर्यंत चढण्याचा मार्ग व्यवहारात बंदच होता; दार उघडले ते राजकीय नेमणुकीचे. लक्झेंबर्गला अमेरिकेची स्त्री प्रतिनिधी नवीन नव्हती. 1949 मध्ये तेथे गेलेल्या पर्ल मेस्टा वॉशिंग्टनमधील मेजवान्यांसाठी प्रसिद्ध होत्या. हॅरिस राजदूत म्हणून तेथे गेल्या तेव्हा त्यांची ओळख कायद्याच्या प्राध्यापक अशी होती. देश चिमुकला असला तरी तो नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि युरोपीय समुदायाचे न्यायालय तेथेच होते. त्यामुळे या पदाला निव्वळ शोभेचे पद म्हणणे मला पटत नाही.

1967 मध्ये हा कार्यकाळ संपला. 1969 मध्ये त्या हॉवर्डच्या विधी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या, पण जेमतेम महिनाभर टिकल्या. विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे नमते न घेण्याची त्यांची भूमिका होती आणि विद्यापीठाच्या प्रशासनाकडून पाठबळ मिळाले नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. रिकामे ट्रे घेऊन बसलेली विद्यार्थिनी सव्वीस वर्षांनी आंदोलकांच्या समोरच्या बाजूला उभी राहिली, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी हेरली नसती तरच नवल. मला स्वतःला त्यात ढोंग दिसत नाही. नियम अन्यायाचा असेल तर तो मोडायचा आणि न्याय्य वाटला तर राबवायचा, असा तो सरळ हिशेब होता. तो माणसे जोडणारा नव्हता, हे मात्र मान्य करायला हवे.

नंतर त्या मोठ्या वकिली फर्ममध्ये गेल्या, आयबीएमसारख्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसल्या. म्हणूनच राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1977 मध्ये त्यांना गृहनिर्माण व नागरी विकास खात्यासाठी निवडले, तेव्हा सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी समितीच्या सुनावणीत विचारले की, गोरगरिबांचे प्रश्न तुम्हाला खरोखर कळतील का? हॅरिस यांचे उत्तर अमेरिकेत आजही उद्धृत केले जाते. आपण त्यांच्यातल्याच एक आहोत, भोजनडब्यात काम करणाऱ्याची मुलगी आहोत, आठ वर्षांपूर्वीपर्यंत राजधानीच्या काही भागांत आपल्याला घरसुद्धा विकत घेता येत नव्हते आणि हे आपण विसरलो असे वाटत असेल तर ती चूक आहे, असे त्यांनी सुनावले. घर नाकारली गेलेली स्त्री गृहनिर्माण खाते मागते आहे, हा युक्तिवाद खोडणे कठीण होते. त्या मंत्री झाल्या. 1979 मध्ये आरोग्य, शिक्षण व कल्याण हे अवाढव्य खाते त्यांच्याकडे आले आणि पुढच्या वर्षी शिक्षण वेगळे निघाल्यावर नव्या आरोग्य व मानवी सेवा खात्याच्या त्या पहिल्या मंत्री ठरल्या.

मतदारांपुढे मात्र ही पद्धत चालली नाही. 1982 मध्ये त्या वॉशिंग्टनच्या महापौरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढल्या आणि तेव्हाचे महापौर मॅरियन बॅरी यांच्याकडून पराभूत झाल्या. बॅरी लोकांमध्ये सहज मिसळत. हॅरिस यांची प्रतिमा उच्चभ्रू आणि तुटक अशी होती. त्यानंतर त्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात पुन्हा कायदा शिकवू लागल्या आणि 1985 मध्ये, साठाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.