साताऱ्याहून प्रवराकाठी: नेवासे आणि दायमाबादची खापरं

नेवासे आणि दायमाबादच्या खापरांवरची नक्षी ताडून पाहायला साताऱ्याहून निघालात तर आधी थेट टेकाडं (जुन्या वस्त्यांचे मातीचे उंचवटे) गाठू नका. पुण्यात, ११० किलोमीटरवर, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात अर्धा दिवस काढा (आधी लेखी परवानगी घ्या). टेकाडावर सगळ्या थरांची खापरं सरमिसळ पडलेली असतात. कोणतं कोणत्या काळाचं, हे संग्रहालयातच डोळ्यांत बसतं.

माळवा भांडी (माळवा प्रदेशाच्या नावाची शैली) इ.स.पू. १६०० ते १४०० ची. पिवळट-नारिंगी लेप, त्यावर गडद तपकिरी किंवा काळी नक्षी, मातीत भुसा. त्यानंतरची जोर्वे भांडी (जोर्वे गावाच्या नावाची शैली) लाल, अंगानं बारीक, पक्की भाजलेली; टिचकी मारली की खणखणतात. नक्षी काळी, बहुतेक भौमितिक: तिरप्या समांतर रेघा, जाळी भरलेले चौकट-शंकरपाळे. प्राणी माळव्यात जास्त, जोर्व्यात क्वचितच.

नेवासे आणि दायमाबाद दोन्ही प्रवरेकाठी. तुलना बिघडते ती इथं: एका गावचं तोटीच्या भांड्याचं पोट आणि दुसऱ्या गावचा कंगोऱ्याचा (पोटाला ठळक कड असलेला) वाडगा शेजारी ठेवून 'नक्षी वेगळी' म्हटलं जातं. जोर्वे कुंभार भांड्याचा वरचा भागच रंगवायचा. कंगोऱ्याखालचा तुकडा कोरा असणारच! म्हणून त्याच आकाराचा, त्याच भागाचा तुकडा समोर ठेवा. काठ मिळाला तर समकेंद्री वर्तुळांच्या कागदावर टेकवून व्यास काढा. वर्तुळाच्या विसाव्या भागाहून लहान काठ सोडून द्या. मोजणीही काठांचीच करा, कारण एक फुटका रांजण शंभर तुकडे देतो.

फोटो सकाळी आठच्या आत, तिरप्या उन्हात. शेजारी पाच सेंटिमीटरची पट्टी. रंग विटलेला तुकडा 'कोरा' लिहू नका, 'रंग गेला' असा वेगळा रकाना ठेवा. पाणी मारून रंग उठवणं टेकाडावरच्या तुकड्यापुरतं, संग्रहालयात नाही. पाहून झालं की तुकडा होता तिथंच ठेवायचा, खिशात नाही.

पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

परतताना शिरूर तालुक्यात इनामगाव घ्या. प्रवरेकाठच्या वस्त्या इ.स.पू. १००० च्या सुमारास उठल्या, इनामगावला, घोड नदीकाठी, वस्ती इ.स.पू. ७०० पर्यंत टिकली. तिथली उत्तर जोर्वे (जोर्वे काळाच्या शेवटच्या टप्प्यातली) खापरं जाडीभरडी आणि नक्षीला हात आखडता. संग्रहालयातल्या फोटोंशी ताडून मगच वहीत नोंद करा.