गारपिटीची रात्र आणि दुसऱ्या दिवशीची बैठक

कागदावर मी वीज कंपनीचा प्रधान तंत्रज्ञ आहे, गावात मात्र लाईनमनच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्राखालची काही गावं माझ्याकडे आहेत. पावसाळ्यात लाईन गेली तर लोक थोडं समजून घेतात. फेब्रुवारीत गेली की चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. गहू ओंबीवर असतो, हरभरा घाट्यावर. कृषी फीडर, म्हणजे शेतीला वीज देणारी लाईन, पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे माणूस आधीच थंडीत, रानडुकरांच्या भीतीत बांधावर उभा असतो. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. इथला गारठा काय असतो ते रात्री ओलीत करणाऱ्याला विचारावं.

त्या संध्याकाळी आधी वारा सुटला, मग गारा. पत्र्यावर असा आवाज की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळेना. गारा थांबायच्या आत उपकेंद्रातून ऑपरेटरचा फोन आला, ३३ केव्हीची इनकमिंगच, म्हणजे उपकेंद्राला वीज आणणारी मोठी लाईनच गेली. म्हणजे एका गावाचा प्रश्न नाही, उपकेंद्राखालचं सगळंच काळोखात. पेट्रोलिंगला निघालो तेव्हा नाल्याकाठी पोल झोपलेले दिसले, एकाला एक ओढत नेल्यासारखे. तारा चिखलात. ते काम रात्रीत होणारं नव्हतं. पोल तालुक्याबाहेरच्या स्टोअरमधून यायचे, क्रेन ठेकेदाराची, आणि ती त्याच रात्री चार ठिकाणी हवी होती.

तेवढ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून सिस्टरचा फोन आला.

"दादा, लाईन कवा येईन ते खरं खरं सांगा. संध्याकाळीच डिलिव्हरी झाली, बाळ कमी वजनाचं आहे. इन्व्हर्टर उतरला, वॉर्मर बंद पडला. जनरेटर चालूच होत नाही, त्याची बॅटरी मेली."

मी म्हटलं, सिस्टर, मोठी लाईन सकाळपर्यंत येत नाही, दुसरी वाट बघतो. त्या म्हणाल्या, "बघा. तोवर बाळाले आईच्या छातीशी बांधून ठेवतो." आणि फोन ठेवला.

दुसरी वाट होती. शेजारच्या उपकेंद्राचा ११ केव्ही फीडर आमच्या गावठाण फीडरच्या, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या लाईनच्या, शेवटाला येऊन भिडतो. मधे एक एबी स्विच आहे, पोलावरचा, खालून दांड्याने फिरवायचा. तो लावला की तिकडून बॅकफीड, म्हणजे उलट बाजूने वीज, घेता येतो. आमच्या उपकेंद्राकडचा ब्रेकर उघडा, म्हणजे तोडलेला, ठेवायचा, शेतीचा लोड तोडायचा आणि फक्त दवाखाना, नळयोजना, गावठाण एवढंच उचलायचं, म्हणजे चालू करायचं. साहेबांनी दोन्हीकडच्या ऑपरेटरांशी बोलून परमिट दिलं. आम्ही तिघं स्विचपाशी पोहोचलो तेव्हा गारा वितळून शेतात पाणी साचलं होतं. पायातल्या बुटांतून गारठा चढत होता.

हँडल हललं नाही. कुलूप उघडलं, तेल ओतलं, हातोडीने ठोकलं, पण दांडा जागचा सरकेना. वर ब्लेडच्या बिजागऱ्यांवर गंजाचा थर होता, टॉर्चच्या उजेडात विटेसारखा लाल. एक पाते अर्धं आत गेलेलं, दुसरं वाकडं. असा स्विच जोर लावून लावला तर अर्धवट संपर्कावर ठिणग्या उडतात आणि तासाभरात तीच जागा जळते. मग स्विचचा नाद सोडला. दोन्ही बाजूंनी लाईन बंद, तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारे डिस्चार्ज रॉड लावले आणि जंपर, म्हणजे स्विच वगळून दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा, थेट बांधायचं ठरवलं. माझ्याबरोबरचा पोरगा वर चढला. हातमोज्यात बोटं बधिर झाली की बाइंडिंगची तार पकडीत येत नाही. तो दर दोन वेढ्यांनी हात काखेत घालायचा, मग पुन्हा वेढा. तीन फेज बांधायला एरवी जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. पहाटेच्या आधी दवाखान्यात उजेड आला. बाळ ठीक राहिलं, आईच्या उबेने आणि सिस्टरच्या धीराने. आमचा वाटा त्यानंतरचा.

३३ केव्ही उभी व्हायला पुढचा सगळा दिवस गेला. त्याच दुपारी ग्रामपंचायतीत बैठक भरली. तालुक्यातले दोन्ही बाजूंचे पुढारी आले, मागोमाग कार्यकर्ते. एकाने सांगितलं की या सरकारने जुने पोल बदलले नाहीत. दुसऱ्याने विचारलं, ते पोल उभे कोणाच्या काळात झाले आणि ठेका कोणाचा होता. मग मागच्या ओळीतून आलं, "आमच्या गावानं मतं देली नाही म्हणून त्यायले पहाटेच लाईन, अन् आमी अजून अंधारात!" त्यावर मोठा गलका झाला.

हे मला लागलं. आदल्या रात्री जंपर बांधणाऱ्या पोराने कोणाचं मत विचारलं नव्हतं. ऑपरेटरने लॉगशीट आणून दाखवली. इनकमिंग गेली तेव्हा सगळे फीडर एकाच मिनिटाला पडलेले होते, आणि पहाटे जे उचललं ते लिंकच्या, म्हणजे शेजारच्या फीडरशी जोडणाऱ्या त्या स्विचच्या, बाजूला होतं म्हणून. गाव कोणाचं हा त्यात प्रश्नच नव्हता. मागची मंडळी जरा शांत झाली, पण पुढारी पुन्हा पोलांवर आले.

तेव्हा सिस्टर उठल्या. रात्रभर जागलेल्या, अंगावर तोच स्वेटर. त्यांनी एवढंच विचारलं, "तो स्विच याआधी कवा फिरवून पाहिला होता?"

माझ्याकडे उत्तर होतं. स्विच जाम असल्याची नोंद दिवाळीआधीच वहीत केली होती, नव्या स्विचची मागणी वर गेली होती, सामान आलं नव्हतं. मी वही पुढे केली. दोघा पुढाऱ्यांपैकी एकानेही ती हातात घेतली नाही. त्यात विरोधकाचं नाव नव्हतं, म्हणून ती कोणाच्या कामाची नव्हती.

मला त्या दिवसापासून हेच सांगायचं आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत मान्सूनपूर्व देखभाल होते. फांद्या छाटतो, पोलांना आधार देणारे ताण ओढतो, फुटके इन्सुलेटर बदलतो. पावसाळ्यात त्याच फांद्या पुन्हा वाढतात, पुढे कापसाच्या दिवसांत रस्त्यांची धूळ इन्सुलेटरवर बसते आणि पहाटेच्या दवात त्याच धुळीवरून करंट वाट काढतो. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तशी दुसरी मोहीम नसते. विदर्भाने फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट पाहिली, फेब्रुवारी २०१८ ची पाहिली. हिवाळ्यातलं वादळ आता अचानक आलं असं म्हणायची सोय उरलेली नाही. विद्युत नियामक आयोगाच्या नियमांत लाईन उशिरा आली तर ग्राहकाला भरपाई आहे, आणि वादळ-पुरासारख्या आपत्तीत त्यातून सूट आहे. पडलेल्या पोलांना ती सूट मिळावी. गंजलेल्या स्विचला मिळू नये.

बैठकीनंतर साहेबांनी टेक्सासची गोष्ट सांगितली आणि मग मीही ती शोधून वाचली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या त्या राज्यात हिमवादळाने ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. सरकारी मोजणीतच २४६ माणसं दगावली. ग्रिडची फ्रिक्वेन्सी इतकी खाली आली होती की जवळपास पूर्ण राज्य काळोखात जायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. ऑपरेटरच्या खुर्चीजवळ उभं राहिलेल्या कोणालाही हा आकडा वाचून घाम फुटेल. तिथेही गव्हर्नरांनी टीव्हीवर पवनचक्क्या आणि सौरऊर्जेला दोष दिला. चौकशीत निघालं की बंद पडलेल्या निर्मितीत सर्वांत मोठा वाटा गॅसवरच्या संचांचा होता, कारण यंत्रं गोठली आणि गॅसही पुरेसा पोहोचेना. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे असंच झालं होतं, थंडीसाठी यंत्रणा तयार ठेवा असा अहवालही आला होता, पण सक्ती केली नव्हती. मला सर्वांत जास्त लागली ती एक बाब. गॅस पुरवणाऱ्या कित्येक ठिकाणांची नावं 'अत्यावश्यक' यादीत नोंदलेलीच नव्हती, म्हणून लोड कमी करताना त्यांचीही लाईन तोडली गेली, आणि गॅस आणखी आटला.

आमच्याकडे तर यादीच नव्हती. त्या रात्री दवाखाना आधी उचलला, कारण सिस्टरने फोन केला. त्यांच्या मोबाईलची बॅटरी उतरली असती तर?

म्हणून त्याच आठवड्यात सरपंच, सिस्टर, ऑपरेटर आणि मी बसलो आणि यादी केली. दवाखाना, नळयोजनेची विहीर, मोबाईल टॉवर, चक्की. प्रत्येक जागा कोणत्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आहे, कोणत्या कट पॉइंटने, म्हणजे लाईन तोडायच्या जागेने, वेगळी होते, चावी कोणाकडे, हे एका कागदावर लिहून उपकेंद्राच्या भिंतीला लावलं. सरपंचांनी ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवला. त्यात दोनच मागण्या होत्या, लिंकचा स्विच बदला आणि चार पोल सेक्शनच्या, म्हणजे आमच्या स्थानिक वीज कार्यालयाच्या, आवारात कायम राखीव ठेवा.

स्विच उन्हाळ्यात बदलला. आता महिन्यातून एकदा तो फिरवून पाहतो आणि ऑपरेटर लॉगमध्ये तशी नोंद करतो. दवाखान्याच्या जनरेटरला नवी बॅटरी आली, सिस्टर दर सोमवारी तो चालवून बघतात. पोल मात्र अजून आलेले नाहीत. ठरावाची पोच सरपंचांकडे आहे. दोन्ही पुढाऱ्यांना त्याची एकेक प्रत दिली आहे, आणि दिवाळीच्या आत ते दोघं आमच्याबरोबर विभागीय कार्यालयात आले पाहिजेत, असा निरोपही धाडला आहे.