पोचा पडलेला तांब्या

चित्रकलेच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात, एक पितळी तांब्या असायचा. पोटाला एका बाजूला अंगठ्याएवढा पोचा, काठ जरासा वाकडा. १९८६ साली मी पाचवीत आले तेव्हा तो तिथं होता आणि १९९२ साली दहावी होऊन बाहेर पडले तेव्हाही तिथंच होता. चाळीसगावच्या आपल्या शाळेच्या अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे इमारत नाही, मैदान नाही, आधी तो तांब्याच आला. म्हणून त्याच्याबद्दल लिहिते, आणि आपल्या ड्रॉईंगच्या सरांबद्दल. सरांचं नाव लिहीत नाही. त्या वर्षांत शिकलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, आणि स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

सातवीपर्यंत माझं ड्रॉईंग चांगलं आहे असं सगळे म्हणायचे. म्हणजे कॅलेंडरवरचा गणपती आणि लक्ष्मी मी हुबेहूब उतरवायचे. पाहुणे आले की माय वही दाखवायला लावायची. त्या भरवशावर एलिमेंटरीच्या सरकारी चित्रकला परीक्षेला बसले आणि सी ग्रेड घेऊन आले. स्मरणचित्र बरं गेलं होतं, संकल्पचित्रही. वस्तुचित्रानं घात केला. पुढ्यात भांडं, फळ, मागे कापडाची घडी, आणि त्यातली एकही वस्तू माझ्या कागदावर टेबलावर बसायला तयार नव्हती. सगळ्या हवेत तरंगत होत्या.

निकालाच्या दिवशी मी मागच्या बाकावर डोकं खाली घालून बसले होते. सर रागावले नाहीत आणि त्यांनी समजूतही काढली नाही. कपाट उघडून तांब्या काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, कॅलेंडरात सगळं आधी कुणीतरी पाहून ठेवलेलं असतं. हा तू पाहा. रोज एक. उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंत."

रोज एक तांब्या! पहिल्या आठवड्यात मला ही शिक्षाच वाटली. मधल्या सुटीत डबा भराभर संपवून मी वर्गात जायचे. कागद म्हणजे पाठकोरे: जुन्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू. चांगला कागद सर सरावाला वापरू द्यायचे नाहीत. महागड्या कागदासमोर हात घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायला त्यांनी शिकवलं. तांब्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते बघ, मग रेघ मार. तोंडाची लंबवर्तुळं चुकायची. तांब्या डोळ्याच्या खाली असला की त्याच्या तळाची गोलाई तोंडाच्या गोलाईपेक्षा जास्त दिसते, आणि मी तर तळाला सपाट रेघ ओढून मोकळी होत होते. भांडं टेबलावर आहे म्हणजे तळ सपाट, हे माझ्या डोक्याला माहीत होतं. डोळ्याला कुणी विचारलंच नव्हतं. ती एक गोलाई सुधारली आणि तांब्या टेबलावर बसला. तो दिवस मला आजही आठवतो.

अकराव्या दिवशी मला पोचा दिसला. म्हणजे तो पहिल्यापासून माझ्याच बाजूला होता. दहा दिवस मी पोचा नसलेला तांब्या काढत होते. त्या खळग्यात खिडकीतला उजेड तुटून दोन ठिकाणी पडत होता, एक ठिपका पांढरा आणि एक पिवळसर. मी सरांना सांगायला धावले. ते वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, "दिसला का? आता सुरुवात झाली."

त्यानंतर अटी सुरू झाल्या. दर सोमवारी सर प्रत्येकाला वेगळी अट द्यायचे आणि आठवडाभर ती पाळायची. एका आठवड्यात खोडरबर बंद. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर रेघ काढायची, म्हणजे आपण किती आणि कुठल्या बाजूला चुकतो ते कळतं. माझ्या सगळ्या चुका उजवीकडे झुकलेल्या निघाल्या, कारण मी फळा मांडीवर तिरका धरत होते! खोडत राहिले असते तर हे कधीच कळलं नसतं. एका आठवड्यात वस्तू काढायचीच नाही. दोन वस्तूंच्या मधली मोकळी जागा काढायची. खुर्चीच्या पायांमधली जागा, कपबशीच्या कानातली जागा. एकदा पऱ्हाटीची काडी ठेचून शाईत बुडवून काढायचं होतं. काडी ऐकत नाही. शाई संपत आली की रेघ फाटते, आणि त्या फाटक्या रेघेनं म्हाताऱ्या कडुनिंबाची साल अशी उतरली की तशी पेन्सिलीनं मला आजवर जमलेली नाही.

दोन मिनिटांची अट सर्वांत अवघड. पोळ्याच्या दिवशी सरांनी आम्हा सहा-सात जणांना वेशीजवळ उभं केलं. सजवलेले बैल मिरवत येत होते, अंगावर झूल, शिंगांना बेगड. एका बैलाला दोन मिनिटं, की पुढचा. झुलीची नक्षी काढायला गेलेल्या मुलाचा बैल तेवढ्यात निघून जायचा. मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंतची एकच रेघ पकडायची आणि मग पाय. त्या दिवशी घरी आले तेव्हा चाळीस कागदांवर चाळीस अर्धे बैल होते. त्यातले तीन चालत होते.

उन्हाळ्यात सर जलरंगाला पहाटे बोलवायचे. आपल्याकडे मे महिन्यात नऊ वाजल्यानंतर ब्रश कागदाला टेकेपर्यंत रंग वाळतो आणि आकाशात पट्टे पडतात. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फळ्यावर चिकटवायचा आणि वरून खाली, न थांबता, उतरायचं. मग पावसाळाभर दर रविवारी शाळेच्या गच्चीवरून दक्षिणेची सातमाळ्याची रांग. जागा तीच, कागदाचा आकार तोच. जूनमध्ये डोंगर भाजलेल्या विटेसारखा होता. ऑगस्टमध्ये मी त्याला हिरवा दिला, तेव्हा सर म्हणाले, "डोळे किलकिले करून बघ. हिरवा किती आणि निळा किती?" पाटणादेवीच्या बाजूचा डोंगर त्या अंतरावरून निळाच होता. जवळच्या शेतांत मात्र हिरव्याच्या चार जाती होत्या: कपाशीचा, ज्वारीचा, उसाचा आणि बांधावरच्या गवताचा.

१९९० च्या जानेवारीत शाळा भरली तेव्हा सर पहिल्याच तासाला फळ्यासमोर बराच वेळ नुसते उभे राहिले. ३१ डिसेंबरला केकी मूस गेले होते. चाळीसगावात राहून आम्हा मुलांना त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की स्टेशनजवळच्या बंगल्यात एक पारशी बाबा राहतात आणि ते बाहेर पडत नाहीत. इंग्लंडात कलाशिक्षण घेऊन आलेला हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं घरातच राहिला आणि काम करत राहिला: फोटो, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांच्या वस्तू. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, तो अख्खे देखावे उभे करायचा आणि त्यांचे फोटो काढायचा. सरांनी त्या तासाला अट दिली: घरातल्या एका टेबलावर किंवा पाटावर गाव उभं करा, घरातल्याच वस्तूंनी, कंदील एकाच बाजूला ठेवा, आणि त्याचं चित्र काढा. मी मिठाच्या ढिगाचा डोंगर केला, मागे उभी केलेली सुपं. कंदील खाली ठेवला तर त्याच मिठाच्या सावल्या मैलभर लांब झाल्या. माणसानं दार लावून घ्यावं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण एका टेबलाएवढ्या जागेत किती दिसू शकतं, हे त्या रात्री कळलं.

त्याच वर्षी अजिंठ्याची सहल. आठवीची पोरं, एसटी, पुरीभाजीचे डबे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर सरांनी वह्या बाहेर काढू दिल्या नाहीत. दहा मिनिटं फक्त बघायचं. मग खाली वाघूर नदीच्या काठी दगडावर बसून आठवेल ते काढायचं. कमळ आठवलं, मुकुट आठवला. मान कुठल्या बाजूला झुकली होती ते आठवेना. परत वर गेले, पाहिलं, परत खाली आले. तीनदा चढउतर केली.

तिथं बसूनच सरांनी मेजर गिलची गोष्ट सांगितली. रॉबर्ट गिल हा १८४४ पासून इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होता. किती वर्षं तो या अंधारात मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवत बसला! ती चित्रं लंडनला गेली आणि त्यांतली बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यानंतर १८७२ पासून जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले आणि त्याच भिंतींसमोर पुन्हा पहिल्यापासून बसले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. गिल १८७९ साली वारला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. आम्ही गप्प झालो होतो. एका मुलानं विचारलं, "मग सर, सगळं वाया गेलं ना?" सर म्हणाले, "कागद गेले. पण त्या चित्रांतलं बोट न् बोट त्या माणसानं जेवढं पाहिलं, तेवढं आणखी कुणी पाहिलं असेल?"

हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं. दहावीच्या वर्षी पटलं. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी माझे सगळे पाठकोरे गठ्ठे रद्दीत घातले. दोष कुणाला देणार? एका बाजूला प्रश्नपत्रिका छापलेल्या होत्या, त्यांना ती रद्दीच वाटली. तांबे, बैल, डोंगर, सगळं गेलं. दोन दिवस मी जेवले नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि एक कोरी वही दिली, पहिल्यांदाच चांगल्या कागदाची. "जे आठवतं ते काढ."

एकतीस चित्रं आठवली. हजारांतली एकतीस. आणि वही भरल्यावर लक्षात आलं, की त्यांत कौतुक झालेलं एकही नव्हतं. ज्यांच्याशी मी झगडले होते, जी तीनतीनदा चुकली होती, तेवढीच हातात शिल्लक होती. बाकीची नुसतीच काढलेली होती. इंटरमिजिएटची ए ग्रेड त्याआधीच मिळाली होती, पण माझ्या लेखी माझा निकाल ती एकतीस चित्रांची वही आहे.

पुढे मी चित्रकार झाले नाही. बी. कॉम. केलं, लग्न झालं, सहकारी बँकेत कॅशियर म्हणून लागले. सोळा वर्षं पेन्सिल फक्त बेरजेला धरली. २०१४ साली, अडतिसाव्या वर्षी, मुलीच्या प्रकल्पवहीसाठी तांब्या काढायला बसले आणि तळाची रेघ सपाट ओढली. जिथून निघाले होते तिथंच येऊन उभी होते.

रात्री भांडी आवरल्यावर अर्धा तास, असं ठरवलं. नुसतं "रोज काढायचं" असं ठरवून मात्र आठ दिवसांच्या वर टिकेना. काय काढू, यातच अर्धा तास जायचा. मग सरांसारखी स्वतःलाच अट घातली: शंभर हात. फक्त हात, दुसरं काही नाही. कॅशच्या खिडकीतून मला दिवसभर हातच दिसतात. नोटा मोजणारे, अंगठा उठवणारे, पासबुक छातीशी धरणारे, कपाशी वेचून बोटांच्या टोकांना चिरा पडलेले. बँकेत काढता यायचं नाही, म्हणून एक हात नीट पाहायचा, घरी येऊन आठवून काढायचा आणि सांगाडा चुकला की स्वतःचा हात दिव्याखाली धरून दुरुस्त करायचा. पहिले तीस हात हातमोज्यांसारखे आले. अंगठा मनगटाजवळून निघतो, बोटांच्या रांगेत नसतो, एवढी गोष्ट शिकायला मला बावीस हात लागले. साठाव्या हाताच्या आसपास इतका कंटाळा आला की पंधरा दिवस वही उघडली नाही. परत सुरू केलं ते डाव्या हातानं, आणि डाव्या हाताला सवयी नसल्यामुळे तो निमूट पाहू लागला. तिथून पुढचे चांगले झाले.

शंभरावा मायचा काढला. कळण्याची भाकरी थापतानाचा, पीठ लागलेला. तिनं बराच वेळ वही धरून पाहिलं आणि म्हणाली, "मन्हा हात इतला म्हतारा व्हई ग्यात का वं?" मी काही बोलले नाही. तिनं ते पान मागून घेतलं. लहानपणी पाहुण्यांना दाखवायला लावायची, हे मात्र तिनं कुणाला दाखवलं नाही. देवघरातल्या पोथीत ठेवलं आणि ती गेली तेव्हाही ते तिथंच होतं.

तेव्हापासून अटी चालूच आहेत. प्रत्येक पानावर तारीख घालते. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तांब्या काढते, घरातला, आणि मागच्या वर्षीच्या पानाशेजारी ठेवून बघते. काही वर्षी पुढे गेलेली असते, काही वर्षी मागे.

महोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. चित्रकलेच्या वर्गातलं ते लोखंडी कपाट अजून असेल आणि खालच्या कप्प्यात तो तांब्या असेल, तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो खिडकीजवळच्या टेबलावर काढून ठेवावा. घासू नये. पोचा उजेडाच्या बाजूला करावा. मी सात वाजता येईन, पाठकोरे कागद माझे मी आणते.