अ‍ॅप काढून टाकलं, तरी गाडीचं लोकेशन कंपनीकडे जातं का?

जुनी गाडी विकणारे आणि सेकंड हँड घेणारे, दोघंही हा प्रश्न हमखास विचारतात. गाडीच्या कंपनीचं अ‍ॅप मोबाइलमधून उडवलं, आता गाडी कुठे आहे ते कोणाला कळणार नाही ना? तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: अ‍ॅप उडवल्याने तुम्हाला दिसायचं थांबतं. गाडीकडून जायचं ते जातच राहतं.

कारण हे काम तुमचा फोन करतच नाही. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर, किया सेल्टॉस अशा गाड्या आल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या नेहमीच्या बजेटमधल्या गाड्यांतही सिम बसवूनच येऊ लागलं. डॅशबोर्डच्या आत टेलिमॅटिक्स युनिट असतं. त्यातच ई-सिम (आतच पक्कं बसवलेलं सिम), जीपीएसचा रिसीव्हर आणि गाडीच्या अंतर्गत वायरिंगला जोडणी असते. त्यामुळे गाडी कुठे आहे याबरोबरच वेग किती, ब्रेक किती जोरात दाबला, इंजिन कधी सुरू झालं, हेही त्याला कळतं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. म्हणून घाटात मोबाइलची रेंज गेली तरी नोंद होऊ शकते, आणि रेंज आली की साठलेलं वर पाठवता येतं. बेसमेंटमध्ये गाडी लावली तर शेवटचं मिळालेलं ठिकाण दिसत राहतं. इग्निशन बंद झाल्यावर बॅटरी वाचवायला युनिट झोपतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर अ‍ॅपला उत्तरच देत नाही. बरेच जण याला ‘ट्रॅकिंग बंद झालं’ समजतात. किल्ली फिरवली की ते पुन्हा जागं होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ गाडी विकताना होतो. विकणारा स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट करतो आणि निश्चिंत होतो. रीसेटने फोनबुक, कॉलची यादी, ब्लूटूथची जोडणी आणि नॅव्हिगेशनमधले घराचे-ऑफिसचे पत्ते पुसले जातात, म्हणून तो करायलाच हवा. पण गाडी कोणाच्या खात्याला जोडलेली आहे ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि अनेक गाड्यांत स्क्रीन रीसेट केल्याने ती हलत नाही. आरसी नव्या मालकाच्या नावावर होते, पण आरटीओतून कंपनीच्या अ‍ॅपला काही आपोआप कळत नाही. मग जुन्या मालकाच्या फोनवर गाडी नव्या मालकाच्या दारात उभी दिसते. काही मॉडेलांत त्याला तिथूनच दरवाजे उघडता येतात, एसी सुरू करता येतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. विकताना आधी अ‍ॅपमध्ये जाऊन गाडी खात्यातून काढा. घरच्या कोणाला शेअर केलेला अ‍ॅक्सेस असेल तर तोही रद्द करा. मग स्क्रीन रीसेट करा. अ‍ॅप सगळ्यात शेवटी काढा, कारण ते आधी काढलंत तर गाडी खात्यावर तशीच राहते. घेणाऱ्याने पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या फोनवर गाडी दिसेनाशी झालेली स्वतः पाहावी, आणि ताबा मिळताच आपल्या नंबरावर सेवा नोंदवून घ्यावी. ‘ही गाडी आधीच नोंदलेली आहे’ असा संदेश आला, तर जुना मालक अजून जोडलेला आहे. अशा वेळी शोरूमला नुसता फोन करू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला चासी नंबर, आरसीची प्रत आणि विक्रीची तारीख देऊन ईमेल करा, आणि जुनं खातं तोडल्याचं उत्तर लेखी मागा.

टेलिमॅटिक्स युनिटचा फ्यूजच काढला तर? जमतं, पण मी तो सल्ला देत नाही. त्याच युनिटवर एसओएसचं (संकटात मदत मागायचं) बटण आणि चोरीनंतर गाडी शोधण्याची सोय चालते. काही मॉडेलांत हँड्सफ्रीचा माइकही त्यातूनच जातो, म्हणजे फोनवर समोरच्याला तुमचा आवाज जाणार नाही. वॉरंटीत वाद होईल ते वेगळंच.

मग एवढी चिंता कशाला, असंही विचारतात. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत उघड झालं, की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर नीट बंद न करता पडून होती. त्यातल्या सुमारे ४.६ लाख गाड्यांची ठिकाणं त्यात होती, आणि फोक्सवॅगन व सियाटच्या गाड्यांची तर १० सेंटीमीटरपर्यंत अचूक. इतक्या अचूकतेने गाडी कोणत्या दवाखान्याच्या दारात थांबली हे कळतं. जपानमध्ये टोयोटाच्या साडेएकवीस लाख ग्राहकांची माहिती क्लाउडच्या चुकीच्या सेटिंगमुळे २०१३ ते २०२३ अशी जवळपास दहा वर्षं उघडी होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने तर लोकेशन आणि गाडी चालवण्याच्या सवयींची माहिती विकली, ती विम्याचे हप्ते ठरवायला वापरली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. काही गाड्यांतून दर ३ सेकंदांना नोंद जात होती, म्हणजे तासाला १,२०० नोंदी.

मला त्याहून जास्त काळजी घरातली वाटते. अ‍ॅप बहुधा एकाच्या नावावर असतं आणि गाडी दुसरंच कोणी चालवत असतं. ठरवलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली, ठरावीक वेळेनंतर निघाली, वेग वाढला, की खातेदाराच्या फोनवर सूचना जाते. नवशिक्या मुलासाठी हे लावणं समजू शकतो, पण त्याला ते सांगून. बायकोला न सांगता तिच्या येण्याजाण्यावर हे लावणं म्हणजे पाळत आहे. नवराबायको वेगळे राहत असतील आणि गाडी तिच्याकडे असेल, तर खातं कोणाच्या नावावर आहे हे तिने आधी तपासावं. मात्र अ‍ॅक्सेस काढला की त्याला लगेच कळतं, म्हणून आधी वकिलाशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोलून घ्यावं.

कायद्याची मदत पूर्ण मिळायला अजून वेळ आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तरी प्रायव्हसी पॉलिसीत दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला आजही लिहा. माझ्या प्रवासाच्या कोणत्या नोंदी ठेवल्यात, किती काळ ठेवणार, कोणाला दिल्या, हे तीन प्रश्न नेमके विचारा.

सेकंड हँड घेताना आणखी एक बघा. कर्जावरच्या किंवा भाड्याने फिरलेल्या गाड्यांत वेगळा जीपीएस ट्रॅकरही बसवलेला असू शकतो, आणि त्याचा कंपनीच्या सिमशी संबंध नसतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गॅरेजवाले गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या खाचेत) काही खोचलंय का, ग्लोव्हबॉक्सच्या मागे आणि फ्यूजबॉक्सजवळ कंपनीच्या वायरिंगला जोड देऊन काळी टेप गुंडाळलीय का, हे गाडी घेण्याआधीच ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.