सूर्य उलटा करायचा की नाही

10 मे 2024, अक्षय्य तृतीया. तीन दुकानांची उद्घाटनं शूट करून रात्री साडेबाराला पुण्यात घरी आलो. धंदा फोटोग्राफीचाच, पण लग्न-मुंजींचा. सूर्याचे फोटो ही त्यातली हौसेची फांदी; वर्षाला चार-पाच प्रिंट खपतात, त्यात दुर्बिणीचा हप्ताही निघत नाही. त्या महिन्यात मात्र एका शाळेची ऑर्डर होती, विज्ञान दालनासाठी चार फुटी सूर्य. ‘केशरी पाहिजे, ज्वाळा दिसायला हव्यात,’ एवढीच अट.

11 तारखेला सव्वासहाला गच्चीवर मांडामांड केली. 60 मिलिमीटरची दुर्बीण, हायड्रोजन-अल्फा फिल्टर, काळा-पांढरा कॅमेरा. हा फिल्टर 656.28 नॅनोमीटरभोवतीचा केसाएवढा पट्टा सोडून बाकी सगळा उजेड अडवतो. (फिल्टरशिवाय असलं काही करू नका, डोळे जातात.) सूर्य खाली होता, स्क्रीनवर पाण्यातल्या नाण्यासारखा हलत होता. एरवी आठपर्यंत थांबलो असतो. पण 3664 क्रमांकाचा डागांचा पुंजका त्या आठवड्यात अंगात आल्यासारखा वागत होता. पृथ्वीच्या पंधरापट रुंद, ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसणारा.

पावणेसातच्या सुमारास पुंजक्यातली एक रेघ पांढरी झाली. वाटलं, माझ्याच हातून गेन, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढला. मग तिच्या शेजारी दुसरी. दोन्ही फुगत गेल्या आणि तेवढा भाग सपाट पांढराफटक. त्यात तपशील काहीच उरला नाही. एक्स्पोजर 8 मिलिसेकंदांवरून 2 वर आणलं, तेव्हा रेघांच्या आतले पीळ दिसले. पण बाकीचा सूर्य अंधारात गेला. मग एक क्लिप अशी, एक तशी. खालून चहासाठी हाका येत होत्या, मी ओ दिली नाही. 6:53 ला ही सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका, ऐन भरात होती, एक्स 5.8 वर्गाची (एक्स हा सगळ्यात जोरदार वर्ग), हे नंतर कळलं. आदल्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसला होता, तो याच पुंजक्याच्या आधीच्या उद्रेकांमुळे.

दुपारी कॉम्प्युटरवर बसलो. 1500 फ्रेम्समधल्या बऱ्या 150 घेऊन एकावर एक रचल्या. शार्पनिंगचा स्लायडर ओढत गेलो तसे तंतूंमधून, म्हणजे तबकडीवर काळ्या दिसणाऱ्या वायूच्या रेघांमधून, आणखी बारीक धागे निघायला लागले. देखणे! पण 60 मिलिमीटरच्या भिंगाला सूर्यावरचं साधारण 2000 किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसतच नाही. ते धागे सॉफ्टवेअरनं विणले होते. स्लायडर मागे.

खरा घोळ पुढेच होता. सूर्याचे फोटो काढणारे आम्ही बरेच जण तबकडी उलटी, म्हणजे निगेटिव्ह करतो : पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. खरा सूर्य कडेला मंद होत जातो. उलटा केला की कड उजळते, काळे तंतू झळकतात आणि चपटी तबकडी एकदम चेंडूसारखी गोल वाटते. माझ्या खपलेल्या सगळ्या प्रिंट अशाच आहेत आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. हाताच्या सवयीनं त्या दिवशीही उलटा केला, वर केशरी चढवला. सकाळची सगळ्यात प्रखर गोष्ट डांबराच्या ओघळासारखी काळी पडली.

फोटो दिसत होता झकास, खोटं कशाला बोलू. अर्धा तास तसाच बघत बसलो. मग पुन्हा सुलटा केला. कड मंदावली, गोलाई गेली, पण त्या दोन रेघा पेटल्या. कडेवरच्या ज्वाळा, म्हणजे कडेबाहेर दिसणारे वायूचे लोट, तबकडीपेक्षा फारच मंद असतात, त्या वेगळ्या लांब एक्स्पोजरमधून घेऊन जोडल्या. केशरी रंग ठेवला. शाळेला तो हवा होता आणि मलाही आवडतो. खाली ओळ टाकली : ‘मूळ छायाचित्र कृष्णधवल. रंग नंतर दिला आहे. दोन एक्स्पोजर जोडले आहेत.’

प्रिंट घ्यायला आलेले सर बराच वेळ बघत राहिले. “बाकी मस्त. ती ओळ काढता येईल का? मुलं उगाच विचारत बसतील.”

मी नाही म्हटलं. शेवटी अक्षरं बारीक करण्यावर मिटलं.