सारवणाखालचा लाल मणी

मण्यांवर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं माझं दागिन्यांचं दुकान आहे. प्रत्यक्षात दिवसभर चाळणीशेजारी उकिडवं बसायचं आणि तांदूळ निवडावेत तशी माती निवडायची. दक्षिण झांबियात कालोमो गावाच्या बाजूला आमचं पुरातत्त्वाचं खोदकाम चालू होतं. तिथल्या पठारावर मध्ययुगीन वस्त्यांची टेकाडं आहेत, साधारण 900 ते 1300 च्या दरम्यान गुरं पाळणारे, ज्वारी पिकवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी कुडाची घरं बांधत राहिले, जुनं पडलं की त्याच्यावर नवीन, आणि थरांवर थर चढले. इसामू पाटी, कालुंडू ही त्यातली गाजलेली नावं, इसामू पाटी पुरातत्त्वज्ञ ब्रायन फेगननी खणलं होतं. आमचं टेकाड मक्याच्या शेतात आहे, वरचा फूटभर थर नांगराने कधीच उलटापालटा केलाय.

चाळणीचं आधी सांगते कारण त्यावरून माझी दर वर्षी भांडणं होतात. पाच मिलिमीटरची जाळी लावली की काम पटापट होतं, आणि दोन-अडीच मिलिमीटरचे मणी आरामात खाली मातीच्या ढिगात जातात. मग रिपोर्टात लिहायचं की इथे समुद्रापारचा व्यापार फारसा पोचला नव्हता. अरे, तुम्ही पोचलेला पकडला का? मी एक मिलिमीटरची लावायला लावते, पाणी टँकरने आणून ओली चाळते, आणि सप्टेंबरच्या उन्हात सगळे माझ्याकडे शत्रूसारखे बघतात.

त्या दिवशी एका झोपडीची सारवलेली जमीन मोकळी झाली होती, भाजून कडक झालेली, बहुतेक घर जळलं असणार. त्या जमिनीच्या खालच्या मातीतून चाळणीत एक मणी आला. अपारदर्शक, विटकरी लाल. भिंगाखाली धरला तर भोकाला समांतर बारीक रेघा, म्हणजे काचेची नळी ओढून, तुकडे करून, परत तापवून टोकं गोल केलेली, आपल्याकडची जुनी पद्धत. खरं सांगते, हात थरथरत होते. सारवणाखाली बंद झालेला भारतीय मणी म्हणजे तारखेसकट पुरावा! आमचे प्रमुख सर तर इतके खुश की संध्याकाळी त्यांनी पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

आमच्याबरोबर तिथल्याच टोंगा समाजातले एक वयस्कर कामगार आहेत, बरीच वर्षं खोदकामांवर काम केलेले. ते काही बोलले नाहीत, नुसते खड्ड्यात उतरले आणि कडेची भिंत ट्रॉवेलच्या मुठीने ठोकत ठोकत पुढे गेले. ठक, ठक, ठक, आणि मग एका जागी भद्द. परत ठोकलं, परत भद्द. म्हणाले, "मॅडम, इथे आर्डवार्क येऊन गेलाय."

आर्डवार्क म्हणजे जमीन उकरून बिळं करणारा प्राणी. मला बीळबीळ काहीच दिसत नव्हतं. बिळात भरलेली माती त्याच टेकाडाची, रंग तोच, राख तीच. मग फवारा आणून भिंत भिजवली आणि वाळायची वाट बघत बसलो. बाजूची माती फिकी पडत गेली आणि मधे एक तिरका पट्टा ओलाच राहिला, वरच्या थरातून सुरू होऊन जमिनीच्या तुटक्या कडेला वळसा घालून थेट आमच्या मण्याच्या जागेजवळ. आर्डवार्क वाळवीच्या मागे खणतो आणि या टेकाडांत वाळवीला काय तोटा.

सर म्हणाले जवळ आहे, पण बिळात तर नाही ना. बरोबर आहे, चार बोटं अंतर होतं. पण माती ढासळते, आणि चाळणीतून आलेला मणी नेमका कुठल्या ढेकळातला हे कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही.

आता सगळ्यांचं म्हणणं, लॅब सांगेल. लेझरने केसाइतका बारीक खड्डा पाडून युरेनियम, बेरियम वगैरे मोजतात आणि त्यावरून या भारतीय काचेचे प्रकार वेगळे काढतात. एक प्रकार आफ्रिकेत साधारण 9व्या ते 13व्या शतकात येतो, दुसरा 15व्या शतकापासून पुढे. हा दुसरा प्रकार आपल्या अलिबागजवळच्या चौलच्या मण्यांतही सापडलाय, त्यामुळे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अजून एक शब्द टाकलेला नाही, नाहीतर "अलिबागचा मणी आफ्रिकेत" अशी बातमी होऊन मलाच परत आली असती. पण गंमत बघा, काच नंतरची निघाली तर मणी बिळातून आला हे नक्की. आणि आधीची निघाली तर? वरचे थरही त्याच काळातले आहेत, तिथून घरंगळला असेल तर लॅबला कसं कळणार? म्हणजे लॅब आम्हाला फक्त खोटं पाडू शकते, खरं नाही ठरवू शकत. हे सरांना कळत नाही असं नाही, कळून घ्यायचं नाहीये.

नमुना बाहेर न्यायची परवानगी अजून यायचीय. मी नोंदीच्या कागदावर थराच्या नंबरापुढे "मिश्रित" लिहिलंय आणि खाली त्या काकांचं नाव, ज्यांनी बीळ ओळखलं त्यांचं. सरांचा मेल आलाय की "मिश्रित"च्या जागी "संभाव्य मिश्रित" चालेल का, आणि कामगारांची नावं फॉर्ममध्ये लिहायची पद्धत नाही. पहिल्यावर विचार करीन म्हटलंय. दुसऱ्याला उत्तर दिलेलं नाही.